सही करण्यापूर्वीं शब्द पाहा

आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींत एक समजूत घट्ट बसली आहे. नीट लिहिणें हें पंडितांचें काम. आपल्याला सही करतां आली म्हणजे झालें! या समजुतीपायीं किती घरांवर नांगर फिरला असेल, याचा विचार व्हावा म्हणून हे चार शब्द.

ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष द्यावें, हें खरेंच. 'दिन' म्हणजे दिवस व 'दीन' म्हणजे गरीब; 'सुत' म्हणजे मुलगा व 'सूत' म्हणजे धागा. पण वेलांटी चुकली तरी वाचणारा मागचेंपुढचें पाहून अर्थ लावून घेतो. शब्दच चुकला, तर समोरचा माणूस आपल्या सोयीचा अर्थ लावतो आणि नुकसान लिहून देणाराचें होतें.

जमिनीचेंच पाहा. 'गहाण' दिलेली जमीन कर्ज फेडून सोडवितां येते. 'खरेदी' दिलेली जमीन गेली ती गेली. अडल्या वेळीं पैसे देणारा गोड बोलतो, "कागद खरेदीचा करूं. पैसे आणून दिलेस कीं जमीन तुझी तुला." पण मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यांत १९२९ सालीं दुरुस्ती झाली आहे. जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतांत लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाणाचा धरला जात नाहीं. तोंडचें वचन सोडाच, अट वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून घेतली तरी खरेदीचें गहाण होत नाहीं.

कागदाची ही धार आपल्या वाडवडिलांना पुरती ठाऊक होती. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, ते मुख्यतः रोखे व दस्त हस्तगत करण्यासाठीं. पुढें १८७९ सालीं कायदा होऊन, शेतकऱ्याचे दस्त सरकारनें नेमलेल्या निबंधकासमोर व्हावे आणि सावकारानें पावती द्यावी, अशी तजवीज झाली. ज्यांना वाचतां येत नव्हतें, त्यांनीं कागद जाळले. ज्यांना वाचतां येतें, त्यांनीं ते सही करण्यापूर्वीं वाचावे.

कारागिरांनाही हें लागू आहे. गिऱ्हाइकाकडून घेतलेले पैसे 'इसार' म्हणून घेतले कीं 'आगाऊ' म्हणून, हें पावतीवर स्पष्ट असावें. गिऱ्हाईक आपण होऊन मागें फिरलें तर इसार सामान्यतः बुडतो. आगाऊ रक्कम मात्र परत करावी लागते. तंटा होतो तो नेमका येथेंच. रक्कम लिहितांना 'रुपये ५००, अक्षरी पांचशें मात्र' असें लिहावें. ५०० वर एक शून्य चढवायला कितीसा वेळ लागतो? 'मात्र' हा शब्द म्हणजे रकमेला घातलेलें कुंपण होय. आणि 'भरून पावलों' हे शब्द पैसे हातीं पडल्यावांचून कधींही लिहूं नयेत.

घरच्या चिठ्ठींतही असाच घोटाळा होतो. 'परवां' म्हणजे काल गेलेल्या दिवसाच्या आधींचा दिवस, तसाच उद्यांच्या नंतरचाही! शिवाय चिठ्ठी चार दिवसांनीं पोंचली कीं तो परवां कोणता? तारीख आणि वार लिहावा. 'सोनारानें सुतारास त्याचीं अवजारें दिलीं,' यांत अवजारें कोणाचीं? सोनाराचीं असतील तर 'आपलीं' लिहावें. सुताराचीं असतील तर 'सुताराचींच' असें लिहावें. एक शब्द जास्त पडला तरी चालेल, पण संशय नको.

कोणी म्हणेल, एवढें शब्दज्ञान आम्हीं आणावें कोठून? अहो, तें तुमच्या घरींच आहे! नांगरट, कुळवणी, पेरणी, कोळपणी, खुरपणी या पांच कामांना शेतकरी कधीं एका नांवानें हांक मारतो काय? सुतार पटाशीला रंधा म्हणतो काय? कामाच्या जागीं आपली भाषा सुरीसारखी नेमकी असते. अर्ज लिहावयास बसलें म्हणजेच आपल्याला भारदस्त शब्दांची भूल पडते. 'कृपावंत होऊन' व 'सविनय सादर' यांत अर्धा कागद भरतो आणि गट नंबर लिहावयाचा राहून जातो! अर्जांत कोण मागतो, काय मागतो, कोणत्या जमिनीबद्दल व केव्हांपासून, एवढें साध्या बोलींत यावें. बोलीचा शब्द म्हणून तो अशुद्ध होत नाहीं. ज्याचे दोन अर्थ निघतात, तो शब्द टाळावा.

म्हणून बंधूंनो व भगिनींनो, एक नेम धरा. कोणताही कागद सही करण्यापूर्वीं घरांत मोठ्यानें वाचवून घ्या. शाळेंत जाणाऱ्या मुलीला वाचावयास सांगा. ती जेथें अडखळेल तेथें लिहिणाराला थांबवा आणि अर्थ विचारा. तो रागावला तर रागावूं द्या. त्याचा राग घटकाभराचा. तुमची सही जन्माची.