मायची शिकवण

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळच्या रावेरीला सीतेचं मंदिर आहे. राम नाही, लक्ष्मण नाही, एकटी सीता. तिने इथेच लव-कुशांना वाढवलं, असं गावकरी सांगतात. शेतकरी नेते शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. बायकोच्या नावे शेतजमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्ती चळवळही त्यांचीच. आमच्या मायचं नाव सातबाऱ्यावर चढलं ते त्याच दिवसांत.

माय आता नाही. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा करतात; यंदा तिचा दहीभात वहिनीने नेला.

माय कापूस वेचायची तेव्हा पांढरा कापूस ओटीत जायचा आणि किडका, पिवळट कवडीचा कापूस पदराच्या गाठीत. घरी आल्यावर दोन्ही ढीग वेगळे. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे तेव्हाही होते. तिने कधी मारू दिलं नाही. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ती बाकी सगळं बाजूला ठेवून मजुरी वाटायला बसायची. ‘बाईले उद्या ये म्हनू नको. तिची चूल आजच पेटते,’ हे तिचं बोलणं मला हिशेबाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठं वाटतं.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. कोकणातल्या त्या माउलीला महाराष्ट्र ओळखतो. कापूसपट्ट्यातल्या मायबद्दल मात्र फार कमी लिहिलं गेलं, म्हणून हा अंक. वाचकांनी पाठवलेल्या आठवणींतली वऱ्हाडी आम्ही तशीच ठेवली आहे.