भाच्याच्या वहीतला गुणाकार

ईदला अहमदपूरला गेलो, तेव्हा भाच्याची वही चाळली. सी भाषेची शिकवणी लावली आहे त्याने. एका पानावर ओळखीची ओळ दिसली: एका नोंदीचा आकार गुणिले नोंदींची संख्या, आणि तेवढी मेमरी मॅलॉककडे मागायची. मीही हेच शिकलो होतो. माझ्या मते ही ओळ अर्धवट आहे आणि ती अशीच शिकवत राहणे चूक आहे.

"मामू, उत्तर तर बरोबर येतंय!" भाचा म्हणाला.

लातूर रस्त्यावरच्या जुन्या जीपचा मीटर आठवा. 99999 नंतर पुन्हा 00000. 32 बिटांचा आकडाही 4,29,49,67,295 नंतर शून्यावर येतो. नोंद 40 बाइटची आणि संख्या 10,73,74,183 असेल, तर गुणाकार 4,29,49,67,320 होतो. पण मशीनला दिसतात फक्त 24. मॅलॉक मुकाट्याने 24 बाइट देते. पहिलीच नोंद त्यात मावत नाही, आणि प्रोग्राम पुढच्या नोंदी शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटतो.

इतक्या नोंदी कोण भरणार? विद्यार्थी नाही भरणार. पण संख्या बाहेरून आलेल्या फाइलमध्ये लिहिलेली असेल, तर फाइल पाठवणारा हवी ती लिहू शकतो. 2015 साली अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट लायब्ररीत हेच निघाले. तिथल्या एका दोषात गुणाकार नव्हता, बेरीज होती: व्हिडिओ फाइलमधला आकार न तपासता मिळवला जाई आणि जागा कमी पडे. दोष शोधणाऱ्या कंपनीच्या अंदाजाने 95 कोटी फोन धोक्यात होते. दुरुस्ती निघाली, पण कितीतरी जुन्या फोनांपर्यंत ती पोचलीच नाही. आपल्याकडे सेकंडहँड फोन कोण घेतो, हे सांगायला नको.

उपाय महाग नाही. कॅलॉकला संख्या आणि आकार वेगवेगळे देता येतात. आजच्या लायब्रऱ्या गुणाकार मावत नसेल तर जागाच नाकारतात. मॅलॉकच हवे, तर आधी कमाल आकड्याला नोंदीच्या आकाराने भागून पाहावे. संख्या त्याहून मोठी असेल तर तिथेच थांबावे. लिनक्स कर्नलमध्ये 2012 ला केमॅलॉक-अ‍ॅरे आणि 2018 ला स्ट्रक्ट-साइझ याचसाठी आले. कर्नल लिहिणाऱ्यांना काय गुणाकार येत नव्हता?

64 बिटांची मशीन आली म्हणून निश्चिंत होऊ नये; फाइलींतले आकडे अजून बऱ्याच ठिकाणी 32 बिटांचेच आहेत.

भाच्याने ओळ बदलली. परीक्षेत मात्र जुनीच लिहिणार म्हणतो, गुण जायला नकोत म्हणून.