ट्यूबलाइट का लुकलुकते?

दिवेलागणीला बटण दाबावे आणि ट्यूबलाइटने दोन-चार वेळा डोळे मिचकावून मग पेटावे, हा अनुभव भिलाईच्या मरोदा सेक्टरमधील क्वार्टरपासून गिरगावातल्या चाळीपर्यंत सर्वांच्या ओळखीचा. एलईडी दिवे आले, तरी चोक-स्टार्टरची नळी अजून बऱ्याच घरांत आहे.

या नळीत अरगॉन वायू आणि पाऱ्याची किंचित वाफ अगदी कमी दाबाखाली असते. दोन्ही टोकांना तारेची वेटोळी असून त्यांवर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. वेटोळे तापले की लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि विद्युतदाबामुळे वेग घेतात. पुढे काय होणार, हे त्यांच्या ऊर्जेवर ठरते.

जेम्स फ्रँक आणि गुस्ताव्ह हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञांनी १९१४ साली पाऱ्याच्या वाफेवर प्रयोग केले. ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी असली, तर इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूवर आपटून नुसताच उसळतो. तेवढी झाली की अणू ती घेतो आणि अतिनील किरणांच्या रूपाने टाकून देतो. नळीच्या आतल्या पांढऱ्या थरावर हे किरण पडले की आपल्याला उजेड मिळतो. ऊर्जा १०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे गेली, तर अणूतून नवा इलेक्ट्रॉनच सुटतो आणि वायूतून वीज वाहती राहते. या दोघांना १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नळी पेटवताना स्टार्टर आधी वेटोळी तापवतो, मग मंडल तोडतो. त्याच क्षणी चोक जास्त व्होल्टेजचा झटका देतो. वीज कमी दाबाने येत असेल किंवा लेप झिजला असेल, तर झटका वाया जातो आणि स्टार्टर पुन्हा खटपट करतो. हेच ते लुकलुकणे! प्रत्येक खटपटीत लेप आणखी उडतो, टोके काळी पडतात.

टोके स्वच्छ असतील, तर मेन स्विच बंद करून आधी स्टार्टर बदलून पाहावा. टोके काळी झाली असतील, तर नळीच बदलावी. ती तासन्‌तास लुकलुकत ठेवू नये.

नळी फुटल्यास मुलांना दूर न्यावे, खिडक्या उघडाव्यात. केरसुणी न फिरवता तुकडे जाड कागदाने उचलावेत, जागा ओल्या कागदाने टिपावी आणि सारे झाकणाच्या बरणीत भरून ई-कचरा केंद्रात द्यावे. आत पारा आहे, हे विसरू नये. या पाऱ्यापायीच मिनामाता करारातील देशांनी २०२३ साली अशा नळ्यांचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले आहे.