पोस्टकार्डावर न आलेला नळ

स्पेनमधल्या सेगोव्हिया शहराचे जुने पोस्टकार्ड हाती आले की त्यावर बहुधा ग्रॅनाइटच्या उंच कमानी दिसतात. रोमनांनी बांधलेली ती जलवाहिनी 1985 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. कोल्हापूरच्या जुन्या चित्रांत मात्र रंकाळा असतो, नवा राजवाडा असतो, पंचगंगेचा घाट असतो. पाण्याची वाट नसते.

कारण ती जमिनीखालून गेली. कात्यायनीच्या डोंगराकडचे पाणी केवळ उताराच्या बळावर भूमिगत नळाने शहरात यायचे. ना पंप, ना वीज. मंगळवार पेठेतल्या 'पाण्याचा खजिना' या नावात ती आठवण अजून जिवंत आहे. पाण्याला खजिना म्हणणारे हे शहर! पुढे 1880 च्या दशकात कळंबा तलाव आला.

नोव्हेंबर 2023 मध्ये काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचे पाणी आले, तेव्हा शहराने जल्लोष केला. तो रास्तच होता. पण त्याच उत्साहाने महापालिकेने जुन्या नळाचा मार्ग मोजून नकाशावर आणावा, खजिन्यापाशी मराठीत ठळक फलक लावावा. आणि एक पोस्टकार्ड छापावे, अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांना घरी नेता येईल असे.