गावाचे सोंग आणि गावाचा बाजार

ज्या खेड्याला भांडवलशाहीने शंभर वर्षे मागासलेले म्हणून हिणवले, त्याच खेड्याचे रूप घेऊन ती आता आपला सर्वांत महागडा माल विकू लागली आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात १९९५ साली ‘बिस्टर व्हिलेज’ हे बाजारसंकुल उभे राहिले. श्रीमंतांसाठी कपडे व चामडी वस्तू बनविणाऱ्या नामांकित कंपन्यांचा मागील हंगामातील माल तेथे सवलतीने विकला जातो. बार्सिलोनाजवळच्या ‘ला रोका व्हिलेज’ने १९९८ मध्ये कॅटलोनियातील जुन्या गावांचा आव आणला. पुढे पॅरिस व माद्रिदजवळ आणि चीनमध्येही ही ‘खेडी’ वसली. त्यांत ठेंगणी घरे आहेत, उतरती छपरे आहेत, झाडांच्या सावलीत बाकेही आहेत. नाही तो फक्त गावकरी.

या वास्तुरचनेमागील अर्थकारण उघड आहे. उंची माल स्वस्तात विकला की त्याची प्रतिष्ठा घसरते; परंतु गिऱ्हाईक सहलीला आल्यासारखे रमले, तर ती सवलत लाचार वाटत नाही. शिवाय अशा संकुलांत भाडे बहुधा विक्रीच्या प्रमाणात ठरते. साहजिकच गिऱ्हाईक जितका वेळ रेंगाळेल तितका मालकाचा लाभ अधिक. येथील बाक आणि झाडही भाड्याच्या हिशेबातच मोडते. रस्ता गावासारखा दिसला तरी तो खासगी मालमत्ता असतो; त्यावर फेरीवाल्याला पाटी ठेवता येत नाही आणि कामगाराला मोर्चा काढता येत नाही.

या प्रकाराचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. व्हिएन्नाहून नाझींच्या भयाने अमेरिकेत गेलेले वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन समाजवादी विचारांचे होते. शहराच्या जुन्या चौकातील सहजीवन उपनगरांना लाभावे, या हेतूने त्यांनी आखलेले साउथडेल हे बंदिस्त बाजारसंकुल १९५६ मध्ये मिनियापोलिसजवळ उघडले. गुंतवणूकदारांनी त्यातील दुकाने तेवढी उचलली आणि सहजीवन टाकून दिले. अखेरीस ग्रुएन यांनी आपल्या या अपत्याशी नाते नाकारले.

सातारा-सांगलीला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर वाड्याचे रूप घेतलेली उपाहारगृहे, दाराशी टांगलेली बैलगाडीची चाके आणि सिमेंटची तुळशीवृंदावने आज नित्याची झाली आहेत. उद्या त्याच रस्त्याला उंची मालाचे ‘गाव’ वसले, तर नवल नव्हे. म्हणूनच खरा बाजार कसा घडतो, हे पाहणे अगत्याचे आहे. साताऱ्याच्या सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार या पेठा वारांची नावे आजही वागवितात. जुन्या पेठेत खाली दुकान व वर बिऱ्हाड असे. दुकानाचा ओटा रस्त्याचाच भाग बने आणि त्यावर न विकत घेणाराही टेकत असे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात तर जमीन हीच कोठार होती. तेथील मातीच्या गुणामुळे पेवात हळद वर्षानुवर्षे टिके, आणि भाव पडला असता ती राखून ठेवण्याची सोय होई. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले. २०१९ मध्ये सांगलीची गणपती पेठही पाण्याखाली गेली. बाजाराच्या वास्तुरचनेपुढील खरा प्रश्न हा आहे. त्याला उत्तर देणारा वास्तुविशारद हवा आहे.

अर्थात जुन्या गावाचे गोडवे गाणे हेही उत्तर नव्हे. बलुतेदारीच्या त्या गावात वेशीबाहेरचा महारवाडा होता, पाणवठ्यावरची बंदी होती. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली दाखल झालेल्या बालकाने पुढे १९४८ मध्ये संविधान सभेत खेड्यांच्या गौरवाचा निःसंदिग्ध धिक्कार केला, तो याच अनुभवाच्या बळावर. नकली खेडे या अन्यायाची आठवण पुसते. त्याबरोबर कुंभार, चांभार, विणकर यांचे श्रमही पुसते. उरते ते फक्त कौलांचे चित्र.

गावाला गावपण येते ते अधिकाराने. आज मुख्यतः सातारा व सांगली जिल्ह्यांत सामावलेल्या औंध संस्थानात १९३९ साली राजाने ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली राज्यघटना दिली. १९४३ पासून याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले. ज्या भूमीने गावाला सत्ता देऊन पाहिली, तिने गावाच्या मुखवट्यावर समाधान मानावे काय?

करण्यासारखे पुष्कळ आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. दोन्ही शहरांत ही तरतूद कागदावरून रस्त्यावर यावी, असा आग्रह संघटनांनी धरला पाहिजे. मंडईच्या नव्या इमारती पूररेषा पाहून बांधल्या जाव्यात. भाजी घेऊन येणाऱ्या बाईला तेथे सावली, पाणी व स्वच्छतागृह मिळावे. शेतकऱ्याला माल राखता येईल अशी सार्वजनिक गोदामे असावीत. अशी मंडई चित्रात शोभणार नाही कदाचित. पण तिच्या ओट्यावर बसण्याचा हक्क कोणालाही विकत घ्यावा लागणार नाही.