दहावर थांबलेली पुस्तके

दिवाळीत मुलांच्या हाती फराळाबरोबर एखादे पुस्तकही द्यावे, असे हल्ली पुष्कळ आईबापांना वाटू लागले आहे. चांगलेच आहे. पण अंक आणि ‘जीवनकौशल्ये’ शिकवणारी जी चित्रपुस्तके ते आणतात ती पाहिली, की बालवाडीत वीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या बाईचे पित्त खवळते. सणासुदीला राग आवरावा म्हणतात. मी तो आवरणार नाही.

एक हत्ती, दोन ससे, तीन फुगे असे करीत दहा फुलांशी पुस्तक संपते. मग शेवटच्या पानावर चौकट : ‘ह्या गोष्टीपासून तू काय शिकलास?’ मी कादंबऱ्याही लिहिते. माझ्या कादंबरीच्या शेवटी असा प्रश्न छापला, तर वाचक ती मलाच फेकून मारतील. पोरे बिचारी लहान, म्हणून सोसतात!

जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. त्यांत निर्णय घेणे आहे, अडचणीतून वाट काढणे आहे. पुस्तकांतला ससा मात्र एकही निर्णय घेत नाही. आई सांगते, तो दात घासतो. आजी सांगते, तो खाऊ वाटून खातो. खाऊ किती होता, भावंडे किती होती, उरला त्याचे काय केले, हे कोणी विचारीत नाही. अहो, गणित तिथेच तर होते!

माझ्या वर्गात एकदा चार मुले आणि सहा लाडू अशी गाठ पडली. मी मुद्दाम गप्प बसले. एकेक वाटून दोन उरले. भांडण झाले, एकाने लाडू पळवला, त्याला धरून आणले. शेवटी एका मुलीने दोन्ही लाडू फोडले. मग ‘तुझा अर्धा मोठा’ म्हणून पुन्हा रडारड! अर्धा म्हणजे दोन्हीकडे सारखा, हे त्या दुपारी चौघांनाही कळले. ह्या भांडणाचे चित्रपुस्तक कोणी काढीत नाही, कारण त्यात मुले वाईट दिसतात.

मुलांवर विश्वास टाकणारी पुस्तके जगात नाहीत असे नाही. एरिक कार्ल ह्या अमेरिकन चित्रकाराचा खादाड सुरवंट १९६९ सालचा. तो सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, असे करीत शुक्रवारी पाच संत्र्यांपर्यंत जातो. प्रत्येक फळाला खरोखरीचे भोक. मूल त्यात बोट घालून मोजते. शनिवारी तो वाटेल ते चरतो आणि पोट दुखून घेतो. ‘जास्त खाऊ नये, बाळांनो’ असे तिथे कोणी म्हणत नाही.

पण नुसते उतरवून घेऊनही आपले भागणार नाही. इंग्रजीत वीस ओलांडले की पुढची नावे नियमाने चालतात. आपल्याकडे शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचे नाव वेगळे ध्यानात ठेवावे लागते. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी, लिहिताना सहा आधी. म्हणून पोर ३६ लिहिते आणि बोलणी खाते. म्हणजे मराठी मुलाची खरी अडचण दहाच्या पुढे सुरू होते, आणि नेमके तिथेच पुस्तक मिटते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढे रण माजले! मराठी बुडाली म्हणून गळा काढणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांतल्या कोणी एकोणतीस पणत्यांचे पुस्तक काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वाड्याच्या भिंतीत तीस कोनाडे, एकोणतिसांत पणत्या आणि एक रिकामा. ‘एकोणतीस’ ह्या नावातच तिसाला एक उणा असल्याची खूण आहे. ती बाईने फळ्यावर सांगण्याआधी मुलाचे बोट त्या अंधाऱ्या कोनाड्यावर जाईल.

प्रकाशक म्हणतील, “बाई, असली पुस्तके खपत नाहीत.” छापून तर पाहा! कागदाचा खर्च वाढेल अशी भीती असेल, तर शेवटची ती प्रश्नांची चौकट काढून टाका. तेवढ्या जागेत एक कोनाडा सहज मावतो.