पाणी कोणाच्या दारी?

प्रतिवर्षी मे महिना सरत आला की मुंबईत नालेसफाईच्या टक्केवारीचा वाद सुरू होतो आणि पहिल्याच मुसळधार पावसात तो हिंदमाता व मिलन सबवे येथील पाण्यात बुडून जातो. दोष कंत्राटदाराचा की महापालिकेचा, एवढीच चर्चा होते. ज्या आवारांतून ते पाणी रस्त्यावर येते, त्यांच्याविषयी कोणी अवाक्षरही काढीत नाही. आमच्या मते प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या, हे बहुतेकांस ठाऊक आहे. त्या आखणीतील दुसरे गृहीत मात्र क्वचितच सांगितले जाते. पडलेल्या पावसापैकी निम्मेच पाणी गटारात येईल, उरलेले निम्मे जमीन पोटात घेईल, असा तो हिशेब होता. वाड्या, बागा, शेते आणि तळी हे त्या व्यवहारातील मुके भागीदार होते. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने क्षमता ताशी ५० मिलिमीटर करण्याची शिफारस केली, तेव्हा सर्वच्या सर्व पाणी वाहून येणार असे धरले. जमिनीने आपले काम सोडले, ही गोष्ट अशा रीतीने कागदावर मान्य झाली. ते काम यापुढे कोणी करावयाचे, याचा निर्णय मात्र झाला नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तसा प्रलय कोणत्याही टाकीने वा शोषखड्ड्याने आवरला नसता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु शहराचे हाल होण्यास प्रलयाची आवश्यकता नसते. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५० हजार लिटर पाणी जमते. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर! भूखंड कडेपासून कडेपर्यंत तळघराने, पोडियमने आणि पेव्हर ब्लॉकने झाकला, की हे पाचही टँकर जणू एकदम रस्त्यावर रिते होतात. त्यातच समुद्राला भरती असली, तर नाल्यांना ते पुढे ढकलता येत नाही.

हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न नव्हे, न्यायाचाही आहे. नवा मनोरा आपले जोते उंच करून सुरक्षित होतो. त्याचे पाणी शेजारच्या जुन्या चाळीच्या तळमजल्यावर शिरते. नफा एकाचा आणि चिखल दुसऱ्याचा, हा कोठला नागरी धर्म?

उपाय अज्ञात नाहीत. हिंदमाता परिसराचे पाणी साठविण्यासाठी महापालिकेनेच प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. पाणी लोटण्याआधी ते थोपवावे, हे तत्त्व तिने स्वीकारलेच आहे. मग सार्वजनिक उद्यानांना लागू असलेले तत्त्व खासगी भूखंडांना का नसावे? ब्रिटनमधील वेल्समध्ये जानेवारी २०१९ पासून १०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या नव्या बांधकामास जलनिचऱ्याच्या योजनेची स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. आमच्याकडे मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल साठविण्याची अट २००२ पासून आहे. पण तिचा रोख पाणीटंचाईवर आहे, पुरावर नाही. टाकी भरली की पुढचे पाणी पुन्हा रस्त्यावरच!

म्हणून नियम साधा असावा: बांधकामापूर्वी भूखंडावरून जितक्या वेगाने पाणी बाहेर जात असे, त्याहून अधिक वेगाने बांधकामानंतर जाता कामा नये. भरावाच्या जमिनीत पाणी जिरत नाही, हा आक्षेप खरा आहे; तेथे टाकीत धरून ते ओहोटीच्या वेळी हळूहळू सोडावे. खर्च वाढेल, हेही खरे. पण तो आज टळत नाही, केवळ शेजाऱ्याच्या माथी मारला जातो. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी या व्यवस्थेची प्रत्यक्ष तपासणी व्हावी आणि पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी गृहनिर्माण संस्थेने तिची सफाई करावी.

मुंबईत आज जागोजागी जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. एकदा पाया भरला गेला, की पुढील पन्नास वर्षे ती जमीन पुन्हा हाती येणार नाही. महापालिकेने हा नियम आजच करावा. नालेसफाई अवश्य व्हावी. पण प्रत्येक आवाराने आपले पाणी नाल्यात लोटण्याचा हक्क अबाधित ठेवला, तर ती आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशीच ठरेल.